धुराला भाव: कुठे लागला, कुठे निघाला

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर लागू झाले. त्या आठवड्यात सगळ्यांचं लक्ष साबण, बिस्किटं, छोट्या गाड्या आणि विम्याचे हप्ते यांच्याकडे होतं. त्याच यादीत एक ओळ कोळशाची होती. कोळशावर टनामागे ४०० रुपये उपकर होता, तो गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. वाचताना ही करवाढ वाटते. प्रत्यक्षात वीज केंद्रांत जळणारा बहुतेक कोळसा स्वस्त झाला. सोळा दिवसांनी, ८ ऑक्टोबरला, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक अधिसूचना काढली. देशातल्या २८२ कारखान्यांनी एक टन माल बनवताना जास्तीत जास्त किती हरितगृह वायू सोडायचे, हे तिने ठरवून दिलं. मर्यादा ओलांडली तर पैसे मोजायचे, आत राहिलं तर कमवायचे.

धुराची एक किंमत गेली आणि दुसरी आली. गंमत अशी की कोळसा सर्वांत जास्त जळतो तो वीज केंद्रांत, आणि ऑक्टोबरच्या यादीत वीज क्षेत्रच नाही. यादीत १८६ सिमेंटचे कारखाने आहेत, ५३ कागदाचे, ३० कॉस्टिक सोडा-क्लोरीनचे आणि १३ ॲल्युमिनियमचे. असं का झालं ते पाहायला गेलं, तर कार्बनला किंमत लावणं म्हणजे नेमकं काय आणि ते कुठे अडकतं, हे आपोआप उलगडतं.

आधी मूळ कल्पना. सोसायटीत पाण्याचं बिल सगळ्या फ्लॅटना सारखं वाटून लावलं, तर नळ वाहता सोडणाऱ्यालाही तेवढेच पैसे पडतात आणि बादलीभर पाण्यात भागवणाऱ्यालाही. मीटर बसले की नोटीस न लावता वापर उतरतो. कार्बनची किंमत हा धुराचा मीटर आहे. कोळसा जाळणारा कोळशाचे पैसे देतो. पण त्यातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडने वाढणारी उष्णता आणि बिघडणारा पाऊस यांचा खर्च भलताच कुणीतरी सोसतो. टनामागे एक आकडा लावला की तो खर्च जाळणाऱ्याच्या वहीत येतो. मग सरकारला कारखान्या-कारखान्यात जाऊन 'ही भट्टी बदला, तो बॉयलर काढा' असं सांगावं लागत नाही. ज्याला स्वस्तात धूर कमी करता येतो तो आधी करतो, ज्याला महाग पडतं तो पैसे भरतो.

हा मीटर बसवायचे रस्ते मुख्यतः दोन. एक म्हणजे सरळ कर. स्वीडनने १९९१ साली तो लावला आणि टप्प्याटप्प्याने वाढवत नेला. आज तो टनामागे १०० युरोंच्या पुढे आहे. सोबत उत्पन्नावरचे कर कमी केले, आणि निर्यातीत मार खाऊ नये म्हणून उद्योगांना सुरुवातीला मोठी सूट दिली, जी पुढे हळूहळू काढून घेतली. तिथे घरं गरम करायला शहरभर गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या असतात. ते पाणी तापवायला पूर्वी तेल आणि कोळसा लागायचा, आता बहुतांश लाकडाचा चुरा, तोडीनंतर जंगलात उरलेल्या फांद्या आणि कचरा लागतो. १९९० च्या तुलनेत स्वीडनचं उत्सर्जन एक तृतीयांशाहून जास्त उतरलं आणि त्याच काळात अर्थव्यवस्था वाढतच राहिली. सगळं श्रेय कराला देता येणार नाही, कारण जलविद्युत आणि अणुवीज त्यांच्याकडे आधीपासून होती. पण घरांच्या ऊबेतला बदल मात्र या कराने ढकलला, याबद्दल फारसा वाद नाही.

दुसरा रस्ता बाजाराचा. सरकार एकूण धुराची कमाल मर्यादा ठरवतं, तेवढे परवाने काढतं आणि कारखान्यांना ते आपसांत विकू-घेऊ देतं. युरोपीय संघाने हे २००५ साली सुरू केलं. करात किंमत पक्की असते, धूर किती उतरेल ते नंतर कळतं. बाजारात धुराचा आकडा पक्का, किंमत रोज हलते. युरोपच्या पहिल्या फेरीत परवाने इतके सढळ वाटले गेले, की २००७ मध्ये त्यांचा भाव जवळजवळ शून्यावर आला.

आता आपल्याकडचा पहिला प्रयोग. भारताने कार्बनवर कर लावला होता आणि फारशा कुणाला ते कळलंही नाही. २०१०-११ च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जींनी कोळशावर टनामागे ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर आणला. २०१४ मध्ये तो १०० झाला, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४००. सहा वर्षांत आठपट. इतकी करवाढ कांद्यावर झाली असती तर सरकार पडलं असतं.

कोळशावर झाली तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही, कारण ती कुणाच्या डोळ्यांसमोर आलीच नाही. एक युनिट वीज बनवायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे ४०० रुपयांचा उपकर युनिटमागे पाव रुपयाच्या आसपास पडतो. वीज केंद्राने तो वितरण कंपनीकडून वसूल केला, वितरण कंपनीने दरात मिसळून ग्राहकाकडून. महावितरणच्या बिलावर स्थिर आकार आहे, वहन आकार आहे, इंधन समायोजन आहे. कोळशाचा उपकर अशी ओळ नव्हती. ज्याने पैसे दिले त्याला ते कशाचे दिले हे ठाऊक नाही, आणि ज्याच्या हातात कोळसा कमी जाळायचा निर्णय होता त्याच्या खिशातून काही गेलं नाही. मीटर बसला खरा, पण तो नळाच्या मालकाला जोडलेला नव्हता.

पैशाचं काय झालं, तो भाग जास्त उद्बोधक आहे. उपकराचा पैसा राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत जायचा होता. २०१० पासून २०१७-१८ पर्यंत सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमले. त्यातले जेमतेम ३० हजार कोटी त्या निधीपर्यंत पोहोचले आणि सुमारे १६ हजार कोटी प्रत्यक्ष प्रकल्पांना मिळाले. बाकीचे सरकारच्या एकत्रित तिजोरीत विरघळले. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर उपकराचं नावही बदललं. तो 'भरपाई उपकर' झाला, म्हणजे जीएसटीमुळे राज्यांना आलेली तूट भरून काढायला, आणि पुढे कोविडच्या काळात त्यासाठी काढलेली कर्जं फेडायला. कोळशातून येणारा पैसा वाहत राहिला, फक्त त्याचा स्वच्छ ऊर्जेशी संबंध उरला नाही.

इथे थोडं विषयांतर. टनभर भारतीय कोळसा जाळला की अंदाजे दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ४०० रुपयांचा उपकर कार्बनच्या हिशेबात टनाला पावणेतीनशेच्या आत. उलट एक लिटर पेट्रोल जाळलं की सव्वादोन किलोंच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि २०२५ मध्ये पेट्रोलवर एकट्या केंद्राचा कर लिटरमागे २० रुपयांच्या आसपास होता. तोच हिशेब लावला तर टनामागे साडेआठ हजार रुपयांच्या वर, राज्याचा व्हॅट अजून वेगळाच. तो कर हवामानासाठी नाही, रस्त्यांसाठी आणि तिजोरीसाठी आहे, हे खरं. पण स्कूटरवाला आपल्या धुराचे जे मोजतो, त्याच्या तिसाव्या हिश्श्याइतकंही वीज केंद्राने कधी मोजलं नाही.

तेही आता गेलं. कोळसा मंत्रालयाच्याच हिशेबानुसार सप्टेंबरच्या बदलाने वीज केंद्रांच्या कोळशावरचा करभार सरासरी टनामागे २६० रुपयांनी आणि वीजनिर्मितीचा खर्च युनिटमागे १७ ते १८ पैशांनी उतरला. शिवाय एक बारीक गोष्ट घडली. उपकर वजनावर होता, जीएसटी किमतीवर आहे. हलका, राखेचा कोळसा स्वस्त असतो, म्हणून त्यावर आता करही कमी. पूर्वी चांगल्या आणि निकृष्ट कोळशाला टनामागे सारखेच ४०० पडायचे, त्यामुळे निकृष्ट कोळसा वापरणाऱ्याला उष्णतेच्या मानाने जास्त भार यायचा. ती किरकोळ का होईना, योग्य दिशेची टोचणी होती.

आता ऑक्टोबरच्या यादीकडे. तिच्या मागचा कायदा २०२२ चा, ऊर्जा संवर्धन कायद्यातली दुरुस्ती. जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना अधिसूचित झाली. कारभार बीईईकडे, म्हणजे फ्रीज-एसीवर तारे लावणाऱ्या संस्थेकडे. बाजारावर देखरेख केंद्रीय वीज नियामक आयोगाची, आणि व्यवहार वीज खरेदी-विक्रीच्याच एक्स्चेंजवर. योजनेत एकूण नऊ उद्योगक्षेत्रं आहेत. ऑक्टोबरमध्ये त्यांतल्या चारांना लक्ष्यं मिळाली. २०२३-२४ हे आधारवर्ष, २०२५-२६ आणि २०२६-२७ ही लक्ष्याची पहिली दोन वर्षं.

हे कागदावरून जमिनीवर आणायला चंद्रपूरसारखा दुसरा जिल्हा नाही. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, घुग्घूस या पट्ट्यात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. बल्लारपूरला कागदाचा कारखाना आहे. आणि चंद्रपूर शहराला लागून महानिर्मितीचं २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे. सिमेंट आणि कागद ही क्षेत्रं नव्या योजनेत, वीज केंद्र बाहेर. हवा मात्र सगळ्यांची एकच.

सिमेंटचं गणित समजावं म्हणून साधे आकडे घेऊ. समजा एका कारखान्याला लक्ष्य मिळालं, टनभर सिमेंटमागे ६०० किलो. वर्षाला १० लाख टन सिमेंट करणाऱ्या या कारखान्याने ५८० किलोंत भागवलं, तर टनामागे २० किलो वाचले, एकूण २० हजार टन. एका टनाला एक क्रेडिट, म्हणजे २० हजार क्रेडिट विकायला मोकळी. शेजारचा तेवढाच मोठा कारखाना ६३० किलोंवर अडकला, तर त्याला ३० हजार क्रेडिट विकत घ्यावी लागतील. त्यांची किंमत काय, ते बाजार ठरवेल.

वाचवायचं कसं, हे सिमेंटमध्ये विशेष अवघड आहे. तिथला निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड इंधनातून येतच नाही. चुनखडी भट्टीत भाजली की ती स्वतःच तो वायू सोडते आणि क्लिंकर तयार होतं, म्हणजे दळून ज्याचं सिमेंट करतात ते खडे. भट्टी उद्या सूर्यप्रकाशावर चालवली तरी हा भाग तसाच राहतो. म्हणून खरा उपाय क्लिंकर कमी वापरणं हा आहे: त्याच्या जागी पोलाद कारखान्यांची धातुमळी (स्लॅग) किंवा वीज केंद्राची राख मिसळायची. चंद्रपूरच्या वीज केंद्राची राख ही तिथल्या लोकांची जुनी डोकेदुखी, आणि कार्बनला किंमत आली की सिमेंटवाल्यासाठी तीच राख आणखी मोलाची होते. असा उपाय दिल्लीत बसून कुणी आदेशाने काढत नाही. हिशेब ज्याचा त्याला करू दिला की निघतो. कार्बनच्या किमतीची ताकद मला इथे सर्वांत स्पष्ट दिसते.

पण वरच्या उदाहरणात एक गोष्ट नजरेतून निसटते. लक्ष्य टनामागचं आहे, एकूण धुराचं नाही. पहिल्या कारखान्याने पुढल्या वर्षी उत्पादन दुप्पट केलं, तर टनामागचा धूर तोच राहून एकूण धूर दुप्पट होईल, आणि त्याला क्रेडिटही दुप्पट मिळतील. युरोपात असं चालत नाही, तिथे एकूण आकड्यालाच कुलूप आहे. चीनने २०२१ मध्ये सुरू केलेला राष्ट्रीय बाजार आपल्यासारखाच टनामागच्या, तिथे युनिटमागच्या, हिशेबावर उभा राहिला. ज्या देशाला अजून घरं, पूल आणि मेट्रो बांधायच्या आहेत त्याने सिमेंटच्या एकूण उत्पादनावर कुलूप का लावावं, हा प्रश्न रास्त आहे, आणि मी असतो तरी सुरुवात अशीच केली असती. फक्त मग या योजनेमुळे 'देशाचं उत्सर्जन इतक्याने घटेल' असं कुणी सांगितलं तर ते ऐकून सोडून द्यावं. ती वाढीचा वेग कमी करणारी योजना आहे.

तरीही चीनने सुरुवात विजेपासून केली आणि आपण वीज वगळली. आपली अडचण खरी आहे. विजेचे दर राज्यांचे नियामक आयोग ठरवतात, वितरण कंपन्या कर्जात बुडालेल्या आहेत, आणि वीज केंद्रांशी झालेल्या दीर्घ करारांमध्ये कायद्यातल्या बदलाने वाढलेला खर्च पुढे ढकलायची मुभा असते. म्हणजे किंमत लावली तर ती पुन्हा उपकरासारखीच घरंगळत ग्राहकाच्या बिलात जाईल. यावर उत्तर काढता येतं: जुन्या, जास्त कोळसा खाणाऱ्या संचांना आणि नव्या संचांना एकमेकांशी तोलणारं लक्ष्य द्यायचं, जेणेकरून जुना संच मागे पडेल. अवघड आहे, पण नवं नाही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या 'परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड' या ऊर्जाबचतीच्या योजनेत औष्णिक वीज केंद्रं पहिल्याच फेरीत होती.

मग घाई सिमेंट-ॲल्युमिनियमची का? एक मोठं कारण ब्रसेल्समध्ये आहे. युरोपने १ जानेवारी २०२६ पासून आयात मालाच्या कार्बनवर सीमेवर शुल्क बसवलं. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज ही त्यातली क्षेत्रं. पहिल्या वर्षी बोजा अगदी थोडा आहे. २०३४ पर्यंत तो पूर्ण लागू होईल. युरोपातला कार्बनचा भाव गेली काही वर्षं टनामागे बहुतांश ६० ते ९० युरोंच्या पट्ट्यात फिरतो आहे, तेव्हा पूर्ण भार किती असेल याचा अंदाज येतो. त्या नियमात एक फट आहे: मूळ देशात कार्बनची किंमत भरली असेल, तर तेवढी वजावट मिळते. पैसे द्यायचेच आहेत तर युरोपला कशाला, घरातच ठेवू, हा विचार त्यातून आला आणि तो चुकीचा नाही.

फक्त वजावट 'भरलेल्या' किमतीची मिळते. आपल्या योजनेत लक्ष्य गाठणारा कारखाना काहीच भरत नाही, आणि थोडासा चुकणारा फक्त चुकलेल्या तेवढ्या टनांचे भरतो. मग युरोपच्या सीमेवर तो दाखवणार काय? उपकराची निदान पावती होती. युरोपने ती मानली असती की नाही, यावर वाद झाला असता. पण वाद घालायला हातात कागद होता. आणि युरोपकडे आपली खरी निर्यात पोलादाची. ते नऊ क्षेत्रांत असलं तरी ऑक्टोबरच्या यादीत नव्हतं.

उलट बाजूचा धडा कॅनडाचा आहे. तिथे २०१९ मध्ये इंधनावर, त्यातून निघणाऱ्या कार्बनच्या टनामागे, २० कॅनेडियन डॉलर लागले, दरवर्षी वाढत २०२४ मध्ये ८० झाले. पेट्रोलवर ते लिटरमागे साडेसतरा सेंटच्या वर. जमलेल्या रकमेतला बहुतेक वाटा सरकार दर तीन महिन्यांनी घरांच्या खात्यात परत टाकत होतं; टोरांटोकडच्या चौघांच्या कुटुंबाला २०२४-२५ मध्ये वर्षाला १,१२० डॉलर मिळत. गाडी कमी चालवणाऱ्याला यात नफाच होता. पण पंपावरचा आकडा रोज दिसायचा, आणि खात्यात आलेली रक्कम कशाची हे अनेकांना बरीच वर्षं उमजलंच नाही, कारण बँकांच्या नोंदींत ती वेगवेगळ्या नावांनी यायची. विरोधी पक्षनेते पियर पॉलिएव्ह यांनी 'कर उडवा' ही एकच घोषणा दोन वर्षं लावून धरली. मार्क कार्नी मार्च २०२५ मध्ये पंतप्रधान झाले, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी ग्राहकांवरचा हा कर १ एप्रिलपासून शून्य केला. मोठ्या उद्योगांवरची किंमत मात्र तशीच ठेवली. तिच्यावर मोर्चा कधी निघालाच नव्हता.

आपण तोच, उद्योगांपुरता मार्ग सुरुवातीपासून धरला. त्याची किंमतही आहे. क्रेडिट सरकार विकत नाही, कारखाने एकमेकांना विकतात. त्यामुळे सरकारकडे पैसा येत नाही. कॅनडासारखं घरांना परत द्यायला काही नाही, आणि उद्या चंद्रपूरचा एखादा संच बंद झाला तर तिथल्या कामगारांसाठी बाजूला काढायलाही काही नाही. उपकरात तो पैसा होता. आपण तो भलतीकडे वळवला.

राहिला प्रश्न भावाचा. ऊर्जाबचतीच्या त्या जुन्या योजनेत पहिल्या फेरीची लक्ष्यं इतकी सोपी निघाली, की जेवढी प्रमाणपत्रं लागत होती त्याच्या दुपटीहून जास्त बाजारात आली आणि भाव पडला. नव्या योजनेत लक्ष्य चुकवणाऱ्याला दंड आहे, त्या वर्षीच्या क्रेडिटच्या सरासरी भावाच्या दुप्पट. हा दंड कडक वाटतो, पण तो भावालाच बांधलेला आहे. सरासरी भाव १,००० रुपये निघाला तर चुकलेल्या टनामागे २,०००. लक्ष्यं सैल राहिली आणि भाव १०० वर आला तर २००. क्लिंकर कमी करायला लागणारी राखेची साठवण, दळण्याची नवी यंत्रणा, वाहतूक हा सगळा खर्च कारखान्याचा हिशेबनीस या दोन आकड्यांशी ताडून पाहील, आणि २०२६-२७ च्या लक्ष्याआधी भट्टीला हात लावायचा की दंड भरायचा, ते त्यावरून ठरवेल.